लग्नाचा अल्बम, पोराचा खेळ आणि एकच मॉनिटर

मैत्रिणींनो, तुळशीचं लग्न लागलं की आपल्याकडच्या फोटो स्टुडिओंना जेवायला फुरसत नसते. बिलोलीसारख्या तालुक्याच्या गावात पुष्कळदा स्टुडिओ म्हणजे बाहेरच्या खोलीतला एक संगणक, आणि घर म्हणजे आतल्या दोन खोल्या. दिवसभर त्या संगणकावर कुंडलवाडीच्या नाहीतर सगरोळीच्या लग्नाचे फोटो नीट करायचे, अल्बमची पानं लावायची. कुठं हे काम यजमान करतात, कुठं घरातल्या बाईनेच ते हाती घेतलेलं असतं. आणि संध्याकाळ झाली की कॉलेजातले चिरंजीव त्याच खुर्चीवर बसून खेळ सुरू करतात.

अशा घरातला जुना मॉनिटर फिका पडला की वाद ठरलेला. मुलाला ‘फास्ट’ मॉनिटर हवा, यजमानांना ‘कलर’ चांगला हवा, आणि पैसे मात्र एकाच मॉनिटरचे! आपण मध्ये काही बोलावं, तर “तुला त्यातलं काय कळतं?” हे उत्तर तयार. कळतं हो, चांगलं कळतं. चार नावं समजून घेतली की ही खरेदी शालू घेण्यापेक्षा अवघड नाही.

रंग आधी, वेग मागून

खेळात आकाश थोडं जास्त निळं दिसलं तर कोणाचं काही बिघडत नाही. पण अल्बममध्ये नवरीचा चेहरा लालभडक नाहीतर काळपट आला, तर पानं पुन्हा छापावी लागतात, आणि तो खर्च घरातून जातो. म्हणून आधी रंगाची खात्री करायची, मग त्या रंगात बसेल तेवढा वेग घ्यायचा. उलटं करू नका.

पूर्वी यात खरोखर अडचण होती. दहा-बारा वर्षांपूर्वी खेळाचे वेगवान मॉनिटर बहुतेक ‘टीएन’ जातीचे असत. समोरून बरे, पण मान जरा वाकडी केली की रंग बदलला. आता ‘आयपीएस’ जातीच्या पडद्यातही भरपूर वेग मिळतो, आणि तोही मध्यम किमतीत. आयपीएसचा गुण असा की बाजूने, वरून, खालून पाहिलं तरी रंग फारसा हलत नाही. दोष एवढाच की अंधाऱ्या चित्रातला काळा रंग थोडा राखाडी दिसतो.

तिसरी जात ‘व्हीए’. हिचा काळा रंग गडद, सिनेमाला छान. पण स्वस्तातल्या व्हीए पडद्यावर अंधारातलं चित्र वेगाने हललं की मागे काजळ फासल्यासारखी रेघ राहते, आणि बाजूने चेहऱ्याचा रंगही उतरतो. चौथी ‘ओलेड’. ती सगळ्यांत देखणी आणि सगळ्यांत महाग. शिवाय फोटोच्या कामात पडद्याच्या कडेची बटणं तासन् तास एकाच जागी असतात, त्यांचा ठसा ओलेडवर कायमचा उमटण्याची भीती असते. तेव्हा आपल्यासारख्या घराला आयपीएस बरी.

डब्यावर काय वाचायचं?

रंगासाठी ‘एसआरजीबी’ हा शब्द शोधा. १९९६ साली ह्युलेट-पॅकार्ड आणि मायक्रोसॉफ्ट या दोन कंपन्यांनी ठरवलेलं हे रंगांचं माप आहे. अल्बम छापणाऱ्या बहुतेक लॅब फोटो याच मापात मागतात. मॉनिटर या मापाचे ९९ ते १०० टक्के रंग दाखवतो असं लिहिलेलं हवं. काही ठिकाणी त्याऐवजी ‘एनटीएससी ७२ टक्के’ असं असतं. ते साधारण तेवढंच. मात्र ‘४५ टक्के’ दिसलं, तर किंमत कितीही गोड असो, फोटोच्या कामाला तो मॉनिटर नको.

याहून जास्त रंग दाखवणारे मॉनिटरही असतात. त्यांवर साधा फोटोही भडक दिसतो, हळदीचा पिवळा अंगावर येतो. असा मॉनिटर घेतलात तर त्याच्या मेनूत ‘एसआरजीबी मोड’ आहे ना, हे आधी विचारा.

आता चिरंजिवांचा वेग. तो ‘हर्ट्झ’मध्ये मोजतात. ६० हर्ट्झ म्हणजे सेकंदाला ६० चित्रं, १४४ हर्ट्झ म्हणजे १४४. पळतं चित्र त्यामुळे गुळगुळीत दिसतं. फोटोच्या कामाला ६० पुरतात. खेळाला १४४ ते १८० भरपूर झाले. त्यापुढच्या आकड्यांसाठी वेगळे पैसे मोजू नका, कारण तेवढी चित्रं तयार करायला संगणकातलं ग्राफिक्स कार्डही तसंच दणकट लागतं. डब्यावरच्या ‘१ मिलिसेकंद’ या आकड्यालाही भुलू नका. प्रत्येक कंपनीचं मोजण्याचं माप वेगळं, आणि तो आकडा पुष्कळदा अशा सेटिंगवर काढलेला असतो, की जी रोजच्या वापरात कोणी ठेवत नाही.

आकाराचं म्हणाल, तर दोनच पर्याय ध्यानात ठेवा. २४ इंची घ्यायचा तर १९२० बाय १०८० ठिपक्यांचा. २७ इंची घ्यायचा तर २५६० बाय १४४० चा. २७ इंचावर १०८० चा घेतला तर इंचाला जेमतेम ८२ ठिपके येतात आणि बारीक जरीकाम भरड दिसतं. १४४० चा घेतला तर हेच ठिपके १०९ होतात. पण मोठ्या पडद्यावर खेळताना कार्डावर जवळजवळ पावणेदोनपट भार पडतो, हेही मुलाला सांगा. संगणक जुना असेल तर २४ इंचीच शहाणपणाचा. वाकडा, म्हणजे ‘कर्व्ह्ड’ पडदा खेळाला रुबाबदार वाटतो. पण मांडवाचा खांब सरळ आहे की तिरपा, हे त्यावर पटकन कळत नाही. आपल्याला सपाटच बरा.

दुकानात जाताना पेन ड्राइव्ह न्या

दुकानातल्या ट्यूबलाइटखाली मोरपंखी दिसलेली साडी अंगणात आणल्यावर हिरवी निघते, हा अनुभव कोणाला नाही? मॉनिटरचंही तेच. दुकानात प्रत्येक पडदा झगझगीत करून ठेवलेला असतो आणि त्यावर पोपट-फुलांची चित्रं चालू असतात. त्यांवर जाऊ नका.

बिलोलीहून नरसी-नायगावमार्गे नांदेडला खरेदीला निघालात, तर पिशवीत आपल्या कामातले तीन फोटो पेन ड्राइव्हवर घ्या: हळद लागलेल्या नवरीचा चेहरा, जरीकाठाची पैठणी आणि रात्रीची वरात. त्याच फोटोंची छापलेली पानंही बरोबर घ्या. मॉनिटर ‘एसआरजीबी’ किंवा ‘स्टँडर्ड’वर लावायला सांगा आणि पान शेजारी धरा. समोरून बघा, मग दोन्ही बाजूंनी, मग उभं राहून. चेहरा जागच्या जागी राहिला, जरी सोनेरीच दिसली आणि वरातीतला काळा कोट काळ्या केसांपासून वेगळा ओळखू आला, तर मॉनिटर कामाचा.

या परीक्षेला तुम्ही जरूर जा. लाल-हिरव्यातला फरक न कळण्याचा जन्मजात दोष पुरुषांत बायकांपेक्षा कितीतरी जास्त आढळतो, आणि तो असलेल्या माणसाला स्वतःला कित्येक वर्षं पत्ताही नसतो. तेव्हा घरातल्या बाईची नजर इथे पाहुणी नाही.

घेण्याआधी पूर्ण पांढरा, काळा, लाल, हिरवा आणि निळा असे पाच पडदे लावून मेलेला ठिपका आहे का तपासा. वॉरंटी किती वर्षांची, सर्व्हिस सेंटर कुठे, बिघडला तर घरून नेतात की आपण पोचवायचा, हे बिलावर लिहून घ्या. घरपोच मागवलात तरी हेच प्रश्न आधी विचारा, आणि खोकं वॉरंटी संपेपर्यंत माळ्यावर राहू द्या. साधारण चांगला २४ इंची आयपीएस दहा हजारांच्या आसपासपासून सुरू होतो, आणि २७ इंचीला जवळजवळ दुप्पट मोजावे लागतात.

भांडण मिटतं ते इथे

मॉनिटर घरी आला म्हणजे सगळं झालं असं नाही. उलट खरी गंमत आता सुरू होते. अंधारातला शत्रू दिसावा म्हणून मुलगा रात्री पडदा झळझळीत करतो, काळा रंग उजळवतो आणि तसाच झोपायला जातो. सकाळी त्याच पडद्यावर फोटो नीट करायला बसलं की सगळे फोटो उजळ वाटतात. मग आपण ते आणखी गडद करतो, आणि अल्बम छापून येतो काळाकुट्ट! दोष लॅबच्या माथी मारला जातो आणि चूक असते पडद्याच्या उजेडात.

यावर उपाय फुकट आहे. बहुतेक मॉनिटरच्या मेनूत निरनिराळे ‘मोड’ असतात. त्यांतला एक खेळाचा, एक कामाचा. कामाच्या मोडमध्ये रंगाची ऊब ६५०० के ठेवा आणि उजेड बराच खाली आणा. नवा मॉनिटर २५० ते ३५० निट्स उजेड फेकतो. छपाईच्या कामाला १०० ते १२० पुरतो. मोजायचं यंत्र नसेल, तर ओसरीत, थेट ऊन न येणाऱ्या उजेडात अल्बमचं पान धरून बघा आणि पडदा त्याच्याशी जुळेल इतका मंद करा. रंग अचूक लावणारं कॅलिब्रेटर नावाचं यंत्र मिळतं. एकट्याला जड वाटलं तर गावातल्या दोन-तीन स्टुडिओंनी भिशीसारखे पैसे घालून एक घ्यावं. संगणकाचा ‘नाइट लाइट’ कामाच्या वेळी बंद हवा, कारण तो सगळंच पिवळं करतो.

मुलासाठीही एक सूचना. विंडोजमध्ये डिस्प्लेच्या सेटिंगमध्ये जाऊन हर्ट्झचा आकडा स्वतः निवडावा लागतो. नाहीतर १८० चा मॉनिटर आणून पुष्कळ घरांत तो ६० वरच चालतो! शक्य तिथे डिस्प्लेपोर्टची वायर लावा. जुन्या एचडीएमआयमधून १४४० च्या पडद्याला पुरा वेग पोचत नाही.

थोडी निगा

पडदा खिडकीसमोर ठेवू नका, आणि त्याच्या आसपासची भिंत गुलाबी-पोपटी नको. भिंतीचा रंग डोळ्यांना फसवतो. हातभर अंतरावर बसा. दर २० मिनिटांनी २० फुटांवर २० सेकंद नजर टाकायची सवय मुलाला आणि स्वतःलाही लावा. वीज वरचेवर येते-जाते तिथे यूपीएस हवाच. आणि धूळ दिसली म्हणून पदराने पुसू नका, काच पुसायचा फवाराही मारू नका. वरचा लेप खराब होतो. मऊ मायक्रोफायबर फडकं किंचित ओलं करून, मॉनिटर बंद असताना हलक्या हाताने फिरवा.

एक शेवटचं. कामाच्या मोडचे आकडे एका चिठ्ठीवर लिहून मॉनिटरच्या पाठीमागे चिकटवून ठेवा. घरात कोणी काहीही फिरवलं तरी दोन मिनिटांत सगळं जागेवर येतं, आणि लग्नसराईत त्या दोन मिनिटांची किंमत तुम्हाला वेगळी सांगायला नको.