किलोच्या भावात न दिसणारं लोखंड

कोल्हापूरजवळच्या शिरोली औद्योगिक वसाहतीत कास्टिंगचा भाव गुळासारखा किलोवर सांगतात. ट्रॅक्टरचं हाउसिंग असो, पंपाची बॉडी असो की ब्रेक ड्रम. मालक ड्रॉइंग उलटंपालटं करून बघतो, वजनाचा अंदाज बांधतो आणि दर बोलतो. ऐकायला सोपं वाटतं. फाउंड्रीत एक पाळी उभं राहून पाहिलं, की कळतं, या दरातला मोठा हिस्सा गिऱ्हाइकाकडे कधीच न जाणाऱ्या लोखंडाचा असतो.

काम सुरू होतं साच्याच्या वाळूपासून. वाळू, बेंटोनाइट, कोळशाची भुकटी आणि तीन-चार टक्के पाणी मिक्सरमधून काळंभोर होऊन पट्ट्यावर येतं. मिस्त्री त्यातली मूठभर उचलून दाबतात आणि मधोमध मोडतात. "कडा सुटल्या तर पाणी कमी, हाताला चिकटली तर जास्त. लॅबचा आकडा यायच्या आधी हात सांगतोय बघा," ते म्हणाले. पाणी जास्त झालं तर तापलेलं लोखंड आत शिरताच वाफ होते आणि कास्टिंगमध्ये ब्लो होल पडतं. कमी झालं तर साच्याची कड ढासळते आणि वाळू धातूत मिसळते. मिस्त्रींचं सगळ्यांत जास्त लक्ष पावसाळ्यावर असतं. हवेतला दमटपणा वाढला की कालचं प्रमाण आज चालत नाही.

पलीकडे इंडक्शन भट्टीत स्क्रॅप, पिग आयर्न आणि फाउंड्रीचाच परत आलेला माल वितळत असतो. छोटा नमुना ओतून स्पेक्ट्रोमीटरवर तपासला जातो, कार्बन-सिलिकॉनचे आकडे येतात, कमी असेल ते भट्टीत टाकलं जातं. साधारण १,४५० ते १,५०० अंशांवर लोखंड लेडलमध्ये, म्हणजे ओतायच्या भांड्यात उतरतं. एसजी आयर्नची, म्हणजे गोल ग्रॅफाइटच्या लोखंडाची हीट असेल तर लेडलमध्ये मॅग्नेशियमचा मिश्रधातू आधीच ठेवलेला असतो. मॅग्नेशियम १,०९० अंशांच्या आसपासच उकळतं, त्यामुळे लोखंड पडताच पांढराशुभ्र लोळ उठतो आणि सगळे माना वळवतात. त्यानंतर मात्र घाई. मॅग्नेशियम उडून जात असतं, म्हणून दहाएक मिनिटांत लेडल रिकामा व्हायला हवा. उशीर झाला तर आतला ग्रॅफाइट गोल राहत नाही आणि कास्टिंग दिसायला धड, ताकदीला कमी निघतं.

खरा हिशोब नॉकआउटवर उघडा पडतो. साचा फुटतो, वाळू झडते आणि कास्टिंगला चिकटलेले रनर-रायझर, म्हणजे लोखंड आत नेणाऱ्या वाटा आणि जादा लोखंडाचे साठे दिसतात. लोखंड थिजताना आक्रसतं. ती तूट भरून काढायला रायझरमधलं लोखंड सगळ्यांत शेवटी थिजावं लागतं. म्हणजे रायझर टाळता येत नाही, पण त्याचे पैसेही कोणी देत नाही. ओतलेल्या १०० किलोतलं कास्टिंग किती, याला यील्ड म्हणतात. समजा यील्ड ६० टक्के आणि रिजेक्शन ५ टक्के. मग १०० किलो चांगला माल पाठवायला सुमारे १७५ किलो लोखंड ओतावं लागतं. यील्ड ६८ आणि रिजेक्शन ३ टक्क्यांवर आणलं, तर १५२ किलोत भागतं. उरलेलं लोखंड वाया जात नाही, ते पुन्हा भट्टीत पडतं. वाया जाते ती वीज. टनाला ६०० युनिट धरले, तर महिन्याला ३०० टन माल पाठवणाऱ्या फाउंड्रीत हा फरक चाळीस हजार युनिटांच्या वर जातो.

पूर्वी रायझर कुठे आणि केवढा ठेवायचा हे पॅटर्नवाल्याच्या आणि मिस्त्रीच्या अंदाजावर ठरे. चुकलं की पॅटर्न कापायचा, पुन्हा ओतायचं. आता लोखंड कुठे शेवटी थिजेल हे संगणकावर आधीच दिसतं. आयआयटी मुंबईत प्रा. बी. रवी यांच्या पुढाकाराने तयार झालेलं ऑटोकास्ट अशाच कामाचं. माझ्या मते फाउंड्रीने आधुनिकतेवर पहिला पैसा खर्च करायचा तर तो इथे, रोबो नंतर. मात्र आजची वाळू किती ओली आहे हे संगणकाला कोणीतरी सांगावं लागतं, आणि ते सांगणारा अजून मिस्त्रीच आहे.

रिजेक्शनची किंमत ते कुठे सापडतं त्यावर ठरते. नॉकआउटवर सापडलं तर पुन्हा वितळवण्याची वीज गेली. फेटलिंगनंतर, म्हणजे घासून साफ केल्यावर सापडलं तर मजुरीही गेली. गिऱ्हाइकाच्या सीएनसीवर दोन मिलिमीटर कापल्यावर ब्लो होल उघडं पडलं, तर मशिनिंग आणि वाहतुकीसकट डेबिट नोट येते. एका तुकड्यापायी मग दहा चांगल्या तुकड्यांचा नफा जातो.

विजेचं वेळापत्रकही बदलतं आहे. अनेक वर्षं रात्री सवलत असे, म्हणून भट्ट्या रात्री पेटत. केंद्राने २०२३ मध्ये नियम बदलून सौरऊर्जेच्या तासांतली वीज स्वस्त करायला सांगितलं, आणि हिशोब दिवसाकडे झुकू लागला. दुसरीकडे इलेक्ट्रिक गाड्यांना सिलिंडर ब्लॉक लागत नाही. हब आणि ब्रेक ड्रम लागतात. एकेकाळी ऑइल इंजिनांवर हात बसवलेल्या या गावाला गिऱ्हाईक बदलणं नवीन नाही, पण ज्यांच्या ऑर्डर बुकात फक्त इंजिनाचेच भाग आहेत त्यांनी आता तरी जागं व्हावं.

एक खर्च मात्र मला कोणत्याच कॉस्टिंग शीटवर दिसला नाही. फेटलिंगला ग्राइंडर धरून बसलेली पोरं, बरीचशी बिहार-ओडिशाकडची, तोंडाला रुमाल बांधून काम करतात. तिथे उडणाऱ्या धुळीत सिलिका असते. सिलिकोसिस कायद्याच्या अधिसूचित रोगांच्या यादीत आहे, आणि रुमालाने तो थांबत नाही. धूळ ओढणारी यंत्रणा महाग आहे, हे खरं. पण यील्ड सुधारून वाचलेले पैसे आधी तिच्यावर लागावेत. बहुतेक ठिकाणी ते तिथपर्यंत पोचत नाहीत, कारण मोठी गिऱ्हाइकं दरवर्षी दर कमी करून मागतात आणि वाचलेले पैसे त्यातच जातात. दर कमी करून मागणाऱ्या खरेदी अधिकाऱ्यांनी पुढच्या वेळी फेटलिंग शेडमध्ये तासभर उभं राहावं आणि मग आकडा बोलावा.