गोठ्यातील कामाची वाटणी व मालकाची जबाबदारी

घरच्या दुधापुरत्या दोन गाईंचा सांभाळ आणि पंधरा गाईंचा दुग्धव्यवसाय या दोन भिन्न गोष्टी होत. दोन गाईंची वेते, त्यांचा खुराक व त्यांच्या खोडी एकाच माणसाच्या ध्यानात राहू शकतात. गाईंची संख्या वाढली म्हणजे मात्र तेच ज्ञान एकाच डोक्यात साठवून ठेवणे धोक्याचे ठरते. गोठा वाढला, गडी वाढले, परंतु मालकाची काम करण्याची रीत दोन गाईंच्याच काळातील राहिली, असे अनेक ठिकाणी दिसून येते.

याचे परिणाम मालक गावी नसताना प्रत्ययास येतात. समजा, मालक दोन दिवसांकरिता लग्नकार्यास गेला आहे. पहाटे एक गाय हंबरू लागते, दुसऱ्या गाईवर उडी घेते, सोट टाकते. शेण काढणाऱ्या गड्याला हे सर्व दिसते. पण रेतनासाठी कोणास बोलवावे व बोलावण्याचा अधिकार आपणास आहे की नाही, हे त्यास ठाऊक नसते. गाईचा माज साधारणपणे १२ ते १८ तास टिकतो. मालक परत येतो तेव्हा ती वेळ निघून गेलेली असते. पुढील माज सुमारे २१ दिवसांनी येणार. म्हणजे तेवढ्या दिवसांचा चारा व खुराक खर्ची पडून पुढचे वेत तितकेच लांबणार. यात गड्याचा आळस नाही. मालकाने काम दिले, पण जबाबदारी दिली नाही, हे या नुकसानीचे कारण होय.

दोन टोकाच्या चुका

काही मालक ‘आपला हात जगन्नाथ’ या समजुतीने धारेपासून हिशेबापर्यंत सर्व कामे स्वतः करतात. गड्याला समजावण्यात अर्धा तास घालविण्यापेक्षा ते काम स्वतः करणे त्यांस सोपे वाटते. त्या दिवसापुरते ते खरेही असते. परंतु असा अर्धा तास वर्षभर रोज खर्च होतो आणि मालक आजारी पडला की गोठाही आजारी पडतो.

याच्या उलट, काही ठिकाणी कामे सर्वांवर सोडलेली असतात. पाणी कोणीतरी पाजील, वासराला चीक कोणीतरी पाजील, असे गृहीत धरले जाते. बारभाईची खेती ती हीच. म्हणून प्रत्येक कामास एकच माणूस जबाबदार असावा आणि त्याच्या गैरहजेरीत ते काम कोणी पाहावे, हेही आधीच ठरलेले असावे.

कामे कोणत्या क्रमाने सोपवावीत

सर्व कामे एकाच वेळी सोपवू नयेत. प्रथम गोठ्याची सफाई, कुट्टी व पाणी, त्यानंतर खुराक, मग धार, आणि शेवटी माज ओळखणे व नोंदी ठेवणे, असा क्रम सोयीचा पडतो. गाईंची खरेदी-विक्री, पैदाशीचे धोरण, मजुरी व पैशाचा हिशेब ही कामे मालकाने स्वतःकडे ठेवावीत.

काम सोपविताना माप द्यावे. ‘दुधाप्रमाणे पशुखाद्य घाल’ ही सूचना अपुरी आहे. शरीरपोषणाच्या खुराकाखेरीज दर लिटर दुधामागे सुमारे ४०० ग्रॅम पशुखाद्य द्यावयाचे असेल, तर तेवढे मावणारे एक भांडे ठरवून द्यावे व प्रत्येक गाईच्या गव्हाणीवर भांड्यांची संख्या रेघांनी दाखवावी. ज्यास वाचता येत नाही, त्यासही हे समजते.

धार काढण्याचे काम शिकविताना पहिले काही दिवस मालकाने धार काढावी व गड्याने पाहावे. नंतर गड्याने काढावी व मालकाने पाहावे. पहिल्या काही धारा वेगळ्या भांड्यात का काढावयाच्या, याचे कारणही सांगावे: दुधात गाठी आढळल्यास दगडीची शंका घेता येते. पान्हा सुटल्यावर पाच ते सात मिनिटांत धार पूर्ण करावी, कारण पान्ह्याचा जोर त्यानंतर ओसरतो. कारण कळलेला माणूस नियम पाठीमागेही पाळतो.

अधिकार व चूक

जबाबदारीबरोबर अधिकारही दिला पाहिजे. सकाळी माज दिसल्यास सायंकाळी व सायंकाळी दिसल्यास दुसऱ्या दिवशी सकाळी रेतन करून घ्यावे, हा नियम ज्यास शिकविला, त्यास रेतन करणाऱ्यास बोलावण्याची मुभा व त्यापुरती रक्कमही द्यावी. अनेक घरांत पहाटे गोठ्यात प्रथम पाऊल टाकणारी घरातील स्त्री असते. माज तिलाच आधी दिसतो. तेव्हा हा निर्णय तिच्याकडे सोपविणे हिताचे होय. तिने केवळ निरोप्याचे काम करावे, हे योग्य नव्हे.

चुका होतील, हे गृहीत धरावे. प्रतिजैविक दिलेल्या गाईचे दूध पशुवैद्याने सांगितलेल्या मुदतीपर्यंत डेअरीस घालावयाचे नसते. अशा गाईच्या गळ्यात लाल पट्टी बांधावी. तरीही एखादे दिवशी ते दूध चुकून कॅनमध्ये पडले, तर गड्याने ते निर्भयपणे सांगितले पाहिजे. त्याने सांगितले तर एक कॅन जाईल. भीतीपोटी लपविले तर साऱ्या गावाचे दूध बिघडेल. चारचौघांत अपमान करणाऱ्या मालकास खरी बातमी शेवटी कळते. चूक कशाने झाली हे शोधून रीत सुधारणे, यातच शहाणपण आहे.

देखरेख

काम सोपविणे म्हणजे त्याकडे पाठ फिरविणे नव्हे. गोठ्यात एक फळा लावून त्यावर प्रत्येक गाईचे दोन्ही वेळचे दूध, माजाची व रेतनाची तारीख आणि भाकड करण्याचा दिवस लिहावा. मालकाने रोज फळा पाहावा व आठवड्यातून एकदा सर्वांसह नोंदी तपासाव्यात. प्रत्येक धारेला मागे उभे राहून टोकणे मात्र टाळावे.

आणंदचे उदाहरण येथे बोधप्रद आहे. खेडा जिल्ह्यातील दूध उत्पादकांचा सहकारी संघ १९४६ साली स्थापन झाला. त्याचे अध्यक्ष त्रिभुवनदास पटेल हे शेतकऱ्यांचा विश्वास संपादन केलेले पुढारी होते. १९४९ साली आणंदला आलेल्या तरुण वर्गीज कुरियन यांच्या हाती पुढे संघाचा कारभार आला. पटेल यांनी शेतकऱ्यांचे संघटन सांभाळले व कारभार जाणकाराकडे राहू दिला. आपले काम कोणते व दुसऱ्याचे कोणते, हे ओळखणे हेच नेतृत्व होय.

लहान गोठ्यालाही हाच न्याय लागू पडतो. वाटणी बसली की नाही हे पाहण्यासाठी मालकाने प्रथम एक दिवस, नंतर दोन दिवस गोठ्यापासून दूर राहावे. परतल्यावर फळा पूर्ण भरलेला असेल, गाई शांतपणे रवंथ करीत असतील आणि झालेली चूक गड्याने आपणहून सांगितली असेल, तर तो गोठा आता खऱ्या अर्थाने व्यवसाय झाला, असे समजण्यास हरकत नाही.