निसरगाठ

फासेपारध्यांवर लिहा, असं संपादकांनी सांगितलं. म्हणून आधी पुण्यातल्या क्वीन्स गार्डनला, आदिवासी संशोधन व प्रशिक्षण संस्थेत गेलो. १९६२ पासूनच्या या संस्थेच्या संग्रहालयात राज्यभरातल्या जमातींच्या वस्तू जपल्या आहेत. पण फास कळला तो एका सिग्नलजवळच्या पालावर. फुगे विकणाऱ्या पोरांच्या आजोबांनी साध्या दोऱ्याला निसरगाठ मारून दाखवली.

"तितर आधी उडत न्हाय, पळतंय," ते म्हणाले. सगळं कसब या एका वाक्यावर उभं आहे. घोड्याच्या शेपटीच्या केसांचे फास एका दोरीवर ओळीनं बांधायचे आणि काड्यांच्या आधारानं गवतात उभे करायचे. मग लांबून, रमतगमत, पाखरांना तिकडं वळवायचं. घाई झाली की थवा उडालाच. हरणासाठी फास जाड, तातीचा. जनावर ओढेल तशी गाठ आवळते, पण ते जिवंत हाती लागतं. म्हणून काय ठेवायचं आणि काय सोडायचं, हे पारधी ठरवू शकतो.

पर्यावरणशास्त्रज्ञ माधव गाडगीळ आणि मानववंशशास्त्रज्ञ कैलाश मल्होत्रा यांनी केलेल्या भटक्या जमातींच्या अभ्यासात ही शिस्त दिसते. फासेपारध्यांचा भर हरणं आणि पाखरांवर, वैदूंचा लहान मांसभक्षकांवर. नंदीवाले कुत्रे घेऊन घोरपड, साळिंदरामागे जात. फासात आलेली गाभण मादी आणि पाडस सोडून देण्याची पारध्यांची रीतही त्यांनी नोंदवली.

१८७१ मध्ये इंग्रजांनी गुन्हेगार जमातींचा कायदा आणला आणि पुढे पारध्यांवरही जन्मजात गुन्हेगारीचा शिक्का बसला. १९५२ मध्ये कायदा गेला. लोकांच्या नजरेतला शिक्का राहिला. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं शिकार थांबवली. तो कायदा हवाच होता. पण ज्यांचं पोट शिकारीवर होतं, त्यांच्या हाताला दुसरं काम कुणी दिलं नाही.

आता पुण्याभोवतीचे माळही प्लॉट पडून संपताहेत. तिकडं अकोला-वाशीम भागात 'संवेदना' ही संस्था फासेपारध्यांना सोबत घेऊन माळरानं राखते, तणमोर या पाखरासाठी. इथं मात्र कुठलं पाखरू कुठल्या गवतात अंडी घालतं हे सांगणारा म्हातारा सिग्नलवर बसून आहे. पुढच्या पक्षीगणनेला त्याला बोलवा, जाणकार म्हणून, मानधन देऊन. नातवालाही सोबत येऊ द्या.