साउंड कार्डाचा कज्जा
१९९० च्या दशकात ज्या संगणकावर घरोघरचे हौशी संगीतकार रचना करीत, त्यात प्रोसेसरचे लक्ष वेधण्यासाठी ० ते १५ अशा अवघ्या सोळा आयआरक्यू रेषा असत, आणि त्यांतील बहुतेक घड्याळ, कळफलक, डिस्क इत्यादिकांच्या नावे आधीच दाखल असल्यामुळे नव्या साउंड कार्डाच्या वाट्याला बहुधा ५ किंवा ७ हाच क्रमांक येई. ७ ही तर प्रिंटरची वहिवाट. तेथे दोघांची गाठ पडली, की स्वराचा एकच तुकडा पुन्हा पुन्हा वाजत राही, किंवा संगणक निश्चल होई. अशा समयी कार्डालाच सदोष ठरविणे अन्यायाचे होय. विंडोज ९५ च्या डिव्हाइस मॅनेजरात पिवळे उद्गारचिन्ह कोणापाशी आहे ते प्रथम पाहावे. मग संगणक बंद करून, कार्डावरील जंपर, म्हणजे दोन पिनांवर बसणारी ती इवलीशी टोपी, चिमटीने उचलून ५ वर बसवावी, आणि डॉसच्या ऑटोएक्झेक फायलीतील ‘ब्लास्टर’ या ओळीत तोच क्रमांक नोंदवावा. प्रोसेसरला वगळून थेट स्मृतीशी व्यवहार करणाऱ्या डीएमए वाहिनीचीही अशीच तपासणी करावी. वाद्य आणि संगणक यांना जोडणाऱ्या मिडीचा ३३० हा पत्ता मात्र अनेकांच्या ध्यानातून सुटतो. त्यावर डिस्क जोडण्याच्या स्कझी कार्डाने हक्क सांगितला असेल, तर वाद्य मुकेच राहते. एका वेळी एकच बदल करावा, आणि तो कागदावर टिपून ठेवावा.