बैठककक्षातील दृक्‌श्राव्य यंत्रणा : आज्ञावलीची मालकी

पुण्यातील हिंजवडी, खराडी येथील कार्यालयांच्या बैठककक्षांत पडदा, ध्वनिवर्धक, कॅमेरा व दिवे एकाच स्पर्शफलकावरून चालविता येतात. त्यांचा मेळ घालणारी आज्ञावली अनेकदा स्वतंत्र व्यावसायिक लिहितो. नियंत्रकातील यंत्रभाषेतील प्रतीवरून मूळ आज्ञावली सहसा परत मिळत नाही; परिणामी पुढे एखादे उपकरण बदलतानाही कार्यालय त्याच्यावर अवलंबून राहते.

कॉपीराइट अधिनियम, १९५७ नुसार संगणक आज्ञावली ही साहित्यकृती होय. नोकरीत लिहिलेल्या आज्ञावलीचा हक्क, विरुद्ध करार नसल्यास, नियोक्त्याकडे जातो. स्वतंत्र व्यावसायिकाचा हक्क मात्र त्याच्याकडेच राहतो (कलम १७). हस्तांतरणास स्वाक्षरीयुक्त लेख आवश्यक असतो (कलम १९). सारांश, केवळ मोबदला दिल्याने मालकी मिळत नाही. मूळ आज्ञावली, तारजोडणीचे आराखडे व पासवर्ड यांविषयीच्या अटी करारातच नमूद करणे उभयपक्षी हिताचे ठरते.