अंगठा का उठत नाही?

कापूस वेचून आलेली आजी कंधारच्या रेशन दुकानात अंगठा टेकवते. यंत्र नकार देतं. का बरं?

बोटावरच्या रेषा म्हणजे रानातल्या सऱ्या. सरी कुठं संपते, कुठं फुटते, एवढ्याच खुणा यंत्र आधारमधल्या जुन्या नोंदीशी ताडून गुण देतं. गुण कमी पडले की नापास! कष्टानं, वयानं सऱ्या बुजतात. खुणाच सापडत नाहीत.

पास-नापासाची रेघ मात्र माणसांनीच आखलेली. खाली आणली तर तोतया घुसतो, वर नेली तर खरी आजी रिकाम्या पिशवीनं परत जाते. यंत्राला दोष देणं सोपं, म्हणा.

देशातलं पहिलं आधार २०१० साली आपल्याच नंदुरबारच्या टेंभलीत दिलं गेलं. ठसा जुळला नाही म्हणून हक्काचा लाभ नाकारू नये, असं सर्वोच्च न्यायालयानं २०१८ मध्ये बजावलंय. दुकानात हे बेधडक सांगा.