लेओनोरेची किंकाळी

गायिकेची योग्यता केवळ गळ्याच्या तयारीवर ठरवावयाची असेल, तर विल्हेल्मिना श्रोडर-डेव्हरिएंट यांना जर्मन संगीत-रंगभूमीच्या इतिहासात फार वरचे आसन देता येणार नाही. कारण त्यांचे गायनाचे शिक्षण अपुरे होते आणि चाळिशी गाठण्यापूर्वीच त्यांचा आवाज ओसरू लागला होता. तरीही त्या शतकातील संगीतनाट्याचा विचार त्यांना वगळून करता येत नाही.

१८०४ साली हँबुर्ग येथे जन्मलेल्या विल्हेल्मिनाबाईंची आई सोफी श्रोडर ही शोकनाट्यातील विख्यात नटी, आणि खरे संस्कार तिचेच. ३ नोव्हेंबर १८२२ रोजी व्हिएन्नात बेथोव्हेनचे ‘फिडेलिओ’ पुन्हा रंगभूमीवर आले, तेव्हा लेओनोरेची भूमिका अठरावे वर्षही न सरलेल्या या मुलीकडे आली. स्वतः बेथोव्हेन, जवळजवळ पूर्ण बहिरा झालेला, वाद्यवृंदाच्या संचालकामागे झग्यात लपेटून बसला होता, आणि त्याचे चमकणारे डोळे तेवढे तिला दिसत होते. पतीच्या सुटकेसाठी पुरुषवेषाने तुरुंगात चाकरीला राहिलेली लेओनोरा खुनी सुभेदार आणि पती यांच्या मध्ये उभी राहते, त्या क्षणी आपले सारे बळ संपले असे वाटून तिच्या तोंडून एक किंकाळी निघाली व प्रेक्षागृह हादरले, अशी हकीकत तिनेच पुढे सांगितली आहे. प्रयोगानंतर बेथोव्हेनने तिच्या गालावर थोपटले आणि तिच्यासाठी नवा ऑपेरा लिहिण्याचे अभिवचन दिले. ते मात्र पुरे झाले नाही.

पुढील वर्षी ड्रेस्डेनच्या दरबारी रंगमंदिरात त्यांची नेमणूक झाली आणि १८४७ पर्यंत त्यांचा मुख्य मुक्काम तेथेच राहिला. लेओनोरेच्या त्याच प्रसंगात सुभेदाराला पिस्तूल रोखून दिलेल्या धमकीतला शेवटचा शब्द त्या गात नसत, जवळजवळ बोलत; आणि स्वरांच्या उंचीवरून एकाएकी उघड्या वास्तवाच्या कातळावर आदळल्याचा त्या शब्दाचा आघात वागनरला आयुष्यभर विसरता आला नाही. गाण्यात बोलणे मिसळण्याची ही रीत बर्लिओझला मुळीच रुचली नव्हती, आणि संगीतकाराच्या दृष्टीने त्याचा आक्षेप गैरवाजवी म्हणता येणार नाही; परंतु मृत्यू दोन हातांवर उभा असता स्वर सांभाळणारी पत्नी आम्हांला खरी वाटली नसती.

वागनरच्या ‘रिएन्झी’मधील आद्रियानो, त्याच्याच १८४३ मधील ऑपेरातील सेंटा आणि १८४५ मधील ऑपेरातील व्हीनस या तिन्ही भूमिका प्रथम त्यांनीच उभ्या केल्या. शूमानने ‘डिख्टरलीबं’ ही गीतमाला त्यांनाच अर्पण केली. मे १८४९ च्या ड्रेस्डेनमधील उठावात त्यांनी बंडखोरांची बाजू घेतली, तेव्हा ज्या दरबारी त्यांनी उणीपुरी पंचवीस वर्षे सेवा केली, त्याच दरबाराच्या चौकशीचा ससेमिरा त्यांच्यामागे लागला.

२६ जानेवारी १८६० रोजी कोबुर्ग येथे त्यांचे देहावसान झाले; दफन ड्रेस्डेनमध्ये झाले. बारा वर्षांनी वागनरने नट आणि गायक यांच्याविषयी जो निबंध लिहिला, तो त्याने त्यांच्या स्मृतीस अर्पण केला.